जपून ठेवलेली गाडी

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये नव्या सिएरावरून चांगलीच जुंपली होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये टाटांनी ते जुनं नाव परत बाजारात आणलं, तेव्हापासून आमच्या टीममधल्या प्रत्येकाला आपल्या कुठल्यातरी मामाकडे जुनी सिएरा होती असं आठवायला लागलंय. (त्यातले निम्मे तेव्हा पाळण्यात होते, पण असो.) मी आपलं सहज विचारलं, "आणि एस्टेट कुणाला आठवते का?" टेबलावर सहा जण. जरा वेळ शांतता. मग एकजण म्हणाला, "रिअल इस्टेट?"

तेव्हाच ठरवलं की या शनिवारी हे लिहायचं.

तर टाटा एस्टेट ही सिएराची सख्खी बहीण. टेल्कोने (तेव्हा कंपनीचं नाव टेल्कोच होतं, टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आलं) १९८८ मध्ये टाटामोबाइल नावाची पिकअप काढली होती. तिच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा आणि १९९२ मध्ये एस्टेट उभी राहिली. दोन्ही आपल्या पुण्याच्या कारखान्यातल्या. एस्टेट म्हणजे स्टेशन वॅगन. वेगळी डिकी नाही, छत सरळ मागच्या दारापर्यंत गेलेलं, मागची सीट पाडली की आत गादी अंथरून माणूस आडवा झोपेल एवढी जागा. बटणाने खालीवर होणाऱ्या काचा, पॉवर स्टिअरिंग. रस्त्यावर पद्मिनी, अँबॅसिडर आणि मारुती ८०० चं राज्य होतं तेव्हा हे म्हणजे फारच होतं. मागून बघितलं की मर्सिडीजच्या वॅगनची आठवण येते असं लोक तेव्हाही म्हणायचे. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, अश्वशक्ती सत्तरच्या आत. त्यामुळे चढावर मर्सिडीजची आठवण पुसली जायची.

चालली नाही. २००० च्या आसपास बंद झाली. आपल्याकडे वॅगन हा प्रकारच कधी चालला नाही म्हणा. त्याआधी फियाटची सफारी येऊन गेली, नंतर मारुतीने बलेनो अल्टुरा आणली, टाटांनीच पुन्हा २००४ मध्ये इंडिगो मरीना आणली. सगळ्यांची गत एकच. माझ्या मते कारण अगदी साधं आहे. आपल्याकडे गाडी म्हणजे पुढे नाक आणि मागे डिकी. डिकी नसली की ती अँब्युलन्स. आमच्या गल्लीतली पोरं आमच्या गाडीला अँब्युलन्सच म्हणायची, आणि एका रात्री ती खरोखर झालीही. त्याबद्दल पुढे येतोच.

आमची गाडी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. काकांचं रिसोडला अडतीचं दुकान. १९९४ मध्ये हंगाम बरा गेला आणि ते अकोल्याहून पांढरी एस्टेट घेऊन आले. नंबर एमएच-३०, म्हणजे अकोल्याचा, कारण वाशिम जिल्हा तेव्हा झालाच नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ ला, आणि मग एमएच-३७ आला. आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे!

त्या गाडीने काय काय वाहिलं नाही. बियाण्याच्या पिशव्या, लग्नाची भांडी, एकदा फ्रीज, एकदा लोणीच्या सखाराम महाराजांच्या यात्रेला निघालेली अकरा माणसं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी चुलत-आते भावंडं मागच्या जागेत उलटं तोंड करून बसायचो आणि लोणार येईपर्यंत मागे पळणारा रस्ता बघायचो. (सीटबेल्टचं नाव काढू नका.) आणि १९९९ च्या पावसाळ्यात आजीच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा रात्री दीड वाजता मागची सीट पाडून, गादी टाकून, तिला आडवी घालून काकांनी अकोल्याला नेली. आजी त्यानंतर अकरा वर्षं जगली. गाडीच्या मागच्या काचेवर तिने स्वतः चिकटवलेला गजानन महाराजांचा फोटो अजून आहे.

२०१३ मध्ये काकांची नजर अधू झाली आणि गाडी दुकानामागच्या गोडाऊनमध्ये गेली. काकांनी ती जपून ठेवली. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. वर ताडपत्री. हँडब्रेक ओढलेला, म्हणजे हलायला नको. टाकीत अर्धं डिझेल. दर रविवारी अंघोळ झाली की काका जाऊन पाच मिनिटं इंजिन सुरू करायचे आणि बंद करून यायचे. देवापुढे दिवा लावावा तसं. दोनेक वर्षांनी तेही थांबलं. २०१९ मध्ये काका गेले.

२०२४ च्या दिवाळीत रिसोडला गेलो तर दादाने (काकांचा मुलगा, दुकान आता तोच बघतो) सांगितलं की गोडाऊन भाड्याने द्यायचंय आणि भंगारवाला उद्या गाडी बघायला येणार आहे. मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "उंदरं झाले त्या गाडीत. कायले ठेवायची?"

मी आपलं सुरू केलं. आजीची गाडी, काकांची आठवण, अशी गाडी आता कुठे राहिलीय, वगैरे वगैरे. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले आठवण पायजे, आम्हाले जागा पायजे. अन् तू येतं वर्षातून दोनदा."

याला उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाहीये. पुण्यात बसून गावाकडच्या वस्तूंबद्दल हळवं होणं फार स्वस्त असतं, भाडं दुसरा भरत असतो. शेवटी असं ठरलं की होळीपर्यंत मुदत. खर्च माझा. होळीपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर गोडाऊनच्या बाहेर आली तर ठीक, नाहीतर भंगारवाला.

गावात एक मेकॅनिक चाचा आहेत, आयुष्यभर सुमो आणि टाटा २०७ वर हात बसलेला. ते आले, ताडपत्री उचलली, गाडीभोवती एक चक्कर मारली. मी उत्साहाने नवी बॅटरी घेऊन उभाच होतो. म्हणाले, "सेल्फ मारू नको न बाप्पा! आधी हातानं फिरवू."

इथे जरा तपशिलात जातो, कारण मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं आणि बऱ्याच जणांना नसेल. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर ओघळून गेलेला असतो. पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडून गंजाने चिकटलेल्या असू शकतात. अशा वेळी उत्साहाने स्टार्टर मारला तर रिंग तुटते किंवा सिलिंडर ओरखडतं, आणि दोन तासांचं काम दोन महिन्यांचं होतं. म्हणून चाचांनी चारही नोझल काढले, त्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडलं आणि म्हणाले, आता परवा. परवा आले, पुढच्या पुलीच्या नटाला लांब पान्हा लावला आणि हळूहळू दाब द्यायला लागले. मी, दादा, दादाचा पोरगा, दुकानातले दोन हमाल, सगळे श्वास रोखून. आधी काही नाही. मग एक बारीक 'कर्र' झालं आणि पुली बोटभर सरकली. दादा काही बोलला नाही, पण चहा सांगायला तोच पळाला.

इंजिन वाचलं होतं. बाकी जवळजवळ काहीच वाचलं नव्हतं. टाकीतल्या डिझेलचा तळाशी काळा चिखल झाला होता आणि त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. अर्धी टाकी रिकामी ठेवली की त्या रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंडीत पत्र्यावर जमते, पाणी तळाला जातं, आणि मग गंज आणि शेवाळासारखी घाण. म्हणजे ठेवायचीच असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवावी. डिझेलचा पंप आतून चिकट झालेला, तो आणि नोझल काढून अकोल्याला पंप-नोझलवाल्याकडे पाठवले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ब्रेकच्या सिलिंडरांना आतून गंजाचे खड्डे. ओढून ठेवलेल्या हँडब्रेकने मागचे ब्रेक ड्रमला घट्ट चिकटवून टाकलेले. क्लच प्लेटचंही तेच. टायर एका बाजूने बसलेले. आणि वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. डॅशबोर्ड उघडला तर आत हे भलंमोठं घरटं. सोयाबीनचं कुटार आणि कागदाचे कपटे. कपटे नीट पाहिले तर काकांच्या अक्षरातल्या हिशोबपट्ट्या होत्या. कुण्या शेतकऱ्याची सात क्विंटल तूर, हमाली, तोलाई वजा जाता. काकू ते कपटे पदरात घेऊन आत गेल्या. त्यानंतर त्यांनी "कायले ठेवायची" हा प्रश्न परत विचारला नाही.

आणि ते दर रविवारचं पाच मिनिटांचं इंजिन? त्याने उलट नुकसानच केलं होतं. पाच मिनिटांत डिझेल इंजिन नीट तापत नाही. ज्वलनातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात तसंच राहतं. सुरू करायची तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे तेल तापतं, ब्रेक घासले जातात, टायर जागा बदलतात. ते जमत नसेल तर हात न लावलेला बरा. काकांनी दर रविवारी जे प्रेमाने केलं ते बघून मला आमच्या कंपनीतला एक जुना सर्व्हर आठवला. सात वर्षं कुणी त्याला रीस्टार्ट केलं नव्हतं, कारण 'चालतोय ना, हात लावू नका'. एकदा लाईट गेली आणि परत आली तेव्हा कळलं की तो सुरू कसा करायचा हे माहीत असलेला माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलाय.

सामानाचं म्हणाल, तर इथे खरी गंमत आहे. इंजिनाचं जवळपास सगळं सामान मिळालं. कारण हेच १९४८ सीसीचं इंजिन १९९४ च्या सुमोत होतं. (सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून नाही हं, टेल्को घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं आहेत ती.) सुमो २०१९ पर्यंत बनत होती आणि विदर्भ-मराठवाड्यातली अर्धी काळीपिवळी वाहतूक तिने केली. त्यामुळे ऑइल सील, गॅस्केट, क्लच प्लेट या गोष्टी वाशिममध्ये शेल्फवर आहेत. मिळेना ते फक्त एस्टेटचं स्वतःचं असं जे होतं ते. मागचा एक दिवा फुटला होता. त्या एका दिव्यासाठी तीन महिने गेले. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानदाराने माळ्यावरून काढून दिला, आणि इंजिनाच्या पूर्ण गॅस्केट सेटपेक्षा जास्त पैसे घेतले. मी एक शब्द न बोलता दिले.

म्हणजे बघा, एस्टेट ही घरातली शोभिवंत, जपलेली. सुमो राबणारी. सुमोत चौदा-चौदा माणसं कोंबली, टपावर पोती, खड्ड्यांतून दामटली. आणि आज जपलेलीला जिवंत ठेवायला राबणारीचंच सामान लागतं. मी चाचांना हे म्हटलं तर त्यांनी फक्त गेटबाहेर बोट दाखवलं. "माही सुमो पाय. पंच्याण्णवची हाय. एक दिवस उभी नाई रायली."

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच हे सगळं पुराण. जुनी गाडी 'ठेवू' नका. एकतर चालवा, नाहीतर वेळेवर द्या टाकून. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या गावच्या घरी अशी एखादी गाडी, बुलेट, चेतक, गेला बाजार एखादी लुना ताडपत्रीखाली आहे. विचारलं की आपण म्हणतो, "आहे ना, जपून ठेवलीय." ती तिथे रोज थोडी थोडी मरत असते, आणि आपल्याला मात्र काहीतरी केल्याचं समाधान. हौशी लोक लाखो रुपये घालून नवा रंग, नवं सीट कव्हर करून घेतात आणि परत कव्हर घालून गॅरेजमध्ये लावतात, वर्षातून एकदा फोटोला बाहेर. माझ्या लेखी तेही ताडपत्रीच, फक्त महागाची.

आता सरकारी बाजू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ही फी कारसाठी सहाशे रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली, आणि उशीर केला तर महिन्याला पाचशे रुपये जादा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला दहा हजार. आमची फाइल त्याआधी जूनमध्ये गेली म्हणून वाचलो. वर पर्यावरण कर. काका गेलेले, म्हणून आधी गाडी काकूंच्या नावावर, त्याचा फॉर्म ३१, मग नूतनीकरणाचा फॉर्म २५. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची झाली की ती 'विंटेज'. तिला वेगळी नंबरमालिका, वेगळा मान.

म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत गाडी, पन्नासाव्या वर्षानंतर वारसा, आणि मधली पस्तीस वर्षं भंगार होण्याची वाट बघायची. १९९२ ची पहिली एस्टेट विंटेज होईल २०४२ मध्ये. तोवर एक तरी उरणार आहे का? मला नियम असण्याबद्दल तक्रार नाही. तपासणी कडक करा, माझी ना नाही. आमची गाडी चढावर धूर सोडते हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिच्या काळात प्रदूषणाचे आजचे नियम नव्हते, आणि ती कुणी पुण्यात रोज ऑफिसला आणायची म्हटली तर मीच आधी विरोध करीन. दिल्लीच्या हवेत हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, त्यामागचं कारण समजतं. पण रिसोडहून महिन्यातून दोनदा लोणारला जाणारी गाडी आणि शहरात रोज पन्नास किलोमीटर फिरणारी गाडी यांना केवळ जन्मतारीख बघून एकाच रांगेत उभं करणं पटत नाही. वय मोजायला सोपं असतं आणि प्रकृती मोजायला कष्ट पडतात. म्हणून वय मोजतात. (आमच्या क्षेत्रात चाळिशीनंतर काय होतं ते माहीतच आहे, त्यावर परत कधीतरी.)

खर्च किती झाला ते सांगत नाही, बायको वाचते :-) एवढंच सांगतो की त्या पैशात बरी सेकंडहँड गाडी आली असती, आणि भंगारवाल्याने दिले असते ते वेगळेच.

होळीच्या आधी चार दिवस चाचांनी पंपाची हवा काढली, हीटर तापू दिला आणि मला चावी दिली. तिसऱ्या सेल्फला लागली. गोडाऊनभर पांढरा धूर, उंदीर सैरावैरा, आणि काकू दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत "धुरानं रे, धुरानं" म्हणत होत्या. गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर आली. दादाने त्याच आठवड्यात गोडाऊन भाड्याने दिलं.

मग प्रश्न आला की आता ठेवायची कुठे. मी म्हटलं पुण्याला नेतो. सोसायटीत एकच पार्किंग, तिथे आमची रोजची गाडी. रस्त्यावर ताडपत्री घालून लावली असती. म्हणजे पुन्हा तेच. शेवटी मीच दादाला म्हणालो, तुझ्याकडेच राहू दे, पण एक अट, आठवड्याला दोनदा तरी चालव. तो म्हणाला, "चालवतो मंग. पण मंग माह्या पद्धतीनं."

काकांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली नंबर प्लेट आता काकूंच्या देवघराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलीय. गाडीवर नवी हाय सिक्युरिटी प्लेट.

गेल्या महिन्यात दादाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. मागची सीट पाडलेली, आत काचेपर्यंत सोयाबीनची पोती, गजानन महाराज पोत्यांच्या मागे अर्धे दिसतायत. डाव्या दाराच्या नव्या रंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लांब ओरखडा. खाली लिहिलं होतं, "तूच म्हणे ना चालव म्हून."

मी दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. मग विचारलं, अॅव्हरेज किती देतेय?